वकील, आमदार, न्यायमूर्ती : कॉन्स्टन्स बेकर मॉटली

बाबासाहेब १९१६ साली न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ सोडून लंडनला गेले. त्यानंतर तीस वर्षांनी, १९४६ साली, त्याच विद्यापीठातून एक काळी मुलगी कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडली. पुढे ती न्यूयॉर्क राज्याची आमदार झाली आणि नंतर अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयात न्यायाधीश म्हणून बसणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव आपल्या घराघरात आहे. तिकडच्या ब्लॅक पँथरवरून आपल्या पोरांनी १९७२ साली दलित पँथर काढली, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या लढ्यात मोर्चावरची बंदी उठवायला, काळ्या पोरांना शाळा-कॉलेजात नेऊन बसवायला कोर्टात कागद घेऊन कोण उभं राहत होतं, ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी न्यायमूर्ती मॉटली यांचं चरित्र निवडलं आहे.

कॉन्स्टन्स बेकर हिचा जन्म १४ सप्टेंबर १९२१ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहरात झाला. आईवडील मूळचे वेस्ट इंडीजमधल्या नेव्हिस नावाच्या लहानशा बेटावरचे, पोटासाठी अमेरिकेत आलेले. बारा भावंडं, त्यांत ही नववी. न्यू हेवन म्हणजे येल विद्यापीठाचं गाव. वडील तिथल्या श्रीमंत विद्यार्थ्यांच्या क्लबांत आचारी होते. ज्या विद्यापीठात आपल्या लेकरांना घालायची ऐपत नाही, तिथल्या पोरांना रोज रांधून वाढायचं, असा तो संसार. आई लोकांच्या घरी काम करीत असे, पण बाई मोठी खमकी. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी एन.ए.ए.सी.पी. ही जी देशव्यापी संस्था, तिची न्यू हेवनची शाखा काढण्यात या माऊलीचा पुढाकार होता.

न्यू हेवन उत्तरेकडे. तिथे काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या नव्हत्या, त्यामुळे कॉन्स्टन्स गोऱ्या मुलांच्या शेजारी बसूनच शिकली. भेदभाव तिला कळला तो पंधराव्या वर्षी. समुद्रावर पोहायला गेली तर काळी म्हणून आत सोडलं नाही. स्केटिंगच्या ठिकाणीही तसंच. आपल्या महाडच्या सत्याग्रहानंतर साधारण दहा वर्षांनी घडलेली ही गोष्ट. तिथे तळं नव्हतं, अख्खा समुद्र होता, तरी माणसाला माणसाचा विटाळ तोच. मुलीच्या मनाला ते लागलं. ती तरुणांच्या मंडळात काम करू लागली, त्याची अध्यक्ष झाली, आणि वकील व्हायचं हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं.

ठरवलं खरं, पण पैसा कुठे होता? १९३९ साली हायस्कूल उत्तम गुणांनी पास झाली आणि तिथेच गाडी अडली. आईचं म्हणणं, केशभूषा शीक, हातात धंदा राहील. आईचं तरी काय चुकलं! काळी मुलगी वकील झालेली त्या बिचारीने पाहिली होती कुठे? मुलगी सरकारी रोजगार योजनेत जुन्या खुर्च्यांना पॉलिश करायच्या कामाला लागली.

इथे एक माणूस आला आणि तिचं आयुष्य बदललं. काळ्यांच्या वस्तीत डिक्सवेल हाऊस नावाचं समाजमंदिर होतं. ते बांधण्यात क्लॅरेन्स ब्लेकस्ली नावाच्या गोऱ्या ठेकेदाराचा हात होता. इमारत चांगली, पण वस्तीतले लोक तिकडे फिरकत नाहीत, असं का, म्हणून एक सभा बोलावली गेली. कॉन्स्टन्स तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. तिने उठून सरळ सांगितलं की कारभारी मंडळात सगळे गोरे बसले आहेत, आमच्या इमारतीत आम्हाला कसलाच अधिकार नाही, तर लोक येतील कसे? सभेत जरा अवघड शांतता पसरली असणार. ज्याच्या दानाबद्दल ती बोलली तो ब्लेकस्ली समोरच होता. दुसरा कोणी असता तर रागावून गेला असता. त्याने मात्र चौकशी केली, मुलीचे मार्क पाहिले, तिला बोलावून घेतलं आणि विचारलं की कॉलेजात का गेली नाहीस? पैसे नाहीत, हे उत्तर. मग हवं तेवढं शीक, खर्च मी करतो, असं त्याने सांगितलं आणि शब्द शेवटपर्यंत पाळला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. फरक एवढाच की इथे मुलीने आधी दात्यालाच चार शब्द सुनावले होते.

१९४१ च्या सुरुवातीला ती टेनेसी राज्यातल्या फिस्क विद्यापीठात गेली. वाटेत सिनसिनाटी स्टेशनवर तिला गाडीचा डबा बदलायला लावला, कारण पुढे दक्षिणेत काळ्यांचा डबा वेगळा, जुनापुराणा आणि गंजलेला. दक्षिणेच्या जातिभेदाशी तिची ही पहिली गाठ. सुटीत घरी परतताना फक्त काळ्यांसाठी असं लिहिलेली एक पाटी तिने आईवडिलांना दाखवायला आणली म्हणतात. दीड वर्षाने ती न्यूयॉर्क विद्यापीठात आली, १९४३ ला अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि कोलंबियाच्या कायदा शाखेत दाखल झाली. महायुद्ध चालू होतं, तरुण पुरुष आघाडीवर गेलेले, म्हणून त्या काळात मुलींना कायद्याच्या वर्गात जागा जरा सहज मिळत होत्या.

शिकत असताना एका वकिली कंपनीने मुलाखतीला बोलावलं. दार उघडणाऱ्याने चेहरा पाहिला आणि जागा भरल्याचं सांगून परत पाठवलं. मग ती थर्गुड मार्शल यांच्याकडे गेली. मार्शल हे एन.ए.ए.सी.पी.च्या कायदा विभागाचे, म्हणजे लीगल डिफेन्स फंडाचे प्रमुख, पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले पहिले काळे न्यायमूर्ती. त्यांनी १९४५ मध्ये तिला कारकून-मदतनीस म्हणून तिथल्या तिथे घेतलं. १९४६ ला पदवी हातात पडली, त्याच वर्षी जोएल मॉटली यांच्याशी लग्न झालं. बाबासाहेबांनी एन.ए.ए.सी.पी.तल्या डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी युनोकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली, तेही १९४६ सालीच. म्हणजे इकडची आणि तिकडची माणसं एकमेकांच्या लढ्याकडे डोळे लावून होतीच.

आता इथून पुढे मॉटलीबाई म्हणू.

त्यांचं काम समजायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली असा निकाल दिला होता की सोय सारखी असेल तर काळे-गोरे वेगळे ठेवले तरी घटनेचा भंग होत नाही. या एका निकालाच्या आधारावर दक्षिणेतली शाळा, रेल्वे, नळ, दवाखाना सगळं वाटून टाकलेलं होतं. सोय सारखी कधीच नव्हती, हे वेगळं सांगायला नको. मार्शल आणि त्यांच्या तुकडीने वर्षानुवर्षं एकेक दावा लावून हा निकाल पोखरत आणला. १९५१ मध्ये कॅन्ससच्या टोपेका गावातल्या शाळांविरुद्ध ब्राउन खटला दाखल झाला, त्याच्या मूळ वादपत्राचा मसुदा मॉटलीबाईंनी तयार केला. वकिलांच्या त्या तुकडीत बाई एकटी तीच. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला भेद घटनाबाह्य ठरवला. जगभर बातमी झाली.

पण निकाल झाला म्हणून शाळेचं दार उघडतं असं थोडंच आहे! आपल्याकडे अस्पृश्यता १९५० साली घटनेने बंद केली, गावातली विहीर त्या दिवशी मोकळी झाली का? दक्षिणेतल्या राज्यांनी ठाम सांगितलं, आम्ही मानत नाही. तेव्हा ब्राउनचा निकाल हातात घेऊन प्रत्येक जिल्ह्यात, प्रत्येक विद्यापीठात, एकेका पोरासाठी पुन्हा दावा लावावा लागला. हे रखडपट्टीचं काम मॉटलीबाईंच्या वाट्याला आलं, आणि माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण त्या कामात आहे.

मिसिसिपी राज्यात त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या १९४९ मध्ये, काळ्या शिक्षकांना गोऱ्यांएवढा पगार मिळावा म्हणून. त्या शतकात तिथल्या कोर्टात काळे वकील उभे राहिल्याचं लोकांनी पाहिलंच नव्हतं, त्यात ही बाई. कोर्टात बघ्यांची गर्दी उसळली. गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे, जेवण मिळत नसे. स्थानिक वर्तमानपत्रं त्यांचा उल्लेख धड नावाने करीत नसत. विरुद्ध बाजूचे वकील त्यांना मिसेस मॉटली म्हणायचं टाळत, कारण काळ्या बाईला मिसेस म्हटलं तर तिला मान दिल्यासारखं होतं. यातली मेख आपल्या लोकांना वेगळी समजावून द्यायला नको. आपल्या आजोबा-पणजोबांना गावात शेंबडी पोरंसुद्धा अरेतुरे करीत. मॉटलीबाईंनी भर कोर्टात आवाज कधी चढवला नाही. उंच बांधा, व्यवस्थित पोशाख, सावकाश आणि स्पष्ट बोलणं, आणि कागदपत्रांत कुठे फट म्हणून ठेवायची नाही.

१९६१ च्या जानेवारीत जेम्स मेरेडिथ या तरुणाने मिसिसिपी विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज केला. हा गडी नऊ वर्षं हवाई दलात नोकरी करून आलेला. विद्यापीठाचा नियम असा की अर्जासोबत माजी विद्यार्थ्यांची शिफारसपत्रं जोडावीत. माजी विद्यार्थी झाडून सगळे गोरे, ते काळ्याला शिफारस देणार कधी? नियमात कुठेही काळा-गोरा शब्द नाही, पण दार पक्कं बंद. आपल्याकडेही असे नियम पुष्कळ होते आणि असतात. मार्शल यांनी हा खटला मॉटलीबाईंकडे दिला. दक्षिणेत काळ्या पुरुषापेक्षा काळ्या बाईच्या जिवाला धोका कमी, असं ते अर्धवट थट्टेने म्हणत.

३१ मे १९६१ रोजी दावा दाखल झाला. पुढच्या सोळा महिन्यांत मॉटलीबाई न्यूयॉर्कहून मिसिसिपीला बावीस वेळा गेल्या. घरी मुलगा नऊ-दहा वर्षांचा. तारीख पडायची, विमान पकडून जायचं, तिथे गेल्यावर कळायचं की सरकारी वकिलाला बरं नाही किंवा न्यायाधीशांना दुसरं काम आहे, पुढची तारीख. ज्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना हे बरोबर कळेल. थकवून सोडायचं, हा प्रतिपक्षाचा डाव होता. खालच्या कोर्टाने शेवटी निर्णय दिला की मेरेडिथला तो काळा आहे म्हणून नाकारल्याचं दिसत नाही! राज्यातल्या त्या विद्यापीठात तोवर एकही काळा विद्यार्थी उघडपणे शिकलेला नव्हता, तरी हा निर्णय.

त्या खेपांमध्ये त्यांना गाडीतून नेणारा-आणणारा माणूस होता मेडगर एव्हर्स, एन.ए.ए.सी.पी.चा तिथला कार्यकर्ता. एकदा गाडीच्या मागे पोलिसांची गाडी लागली. एव्हर्स यांनी बाईंना सांगितलं की हातातली लिहायची वही वर्तमानपत्रात लपवा आणि मागे वळून पाहू नका. मैलोन् मैल गाडी तशीच चालली. या माणसाला १२ जून १९६३ रोजी त्याच्या घराच्या दारात पाठीत गोळी घालून मारण्यात आलं. मॉटलीबाईंना तो धक्का फार बसला होता.

अपील न्यायालयाने २५ जून १९६२ रोजी मेरेडिथच्या बाजूने निकाल दिला. त्यावरही त्याच न्यायालयातला एक न्यायाधीश पुनःपुन्हा स्थगिती देत राहिला आणि प्रत्येक वेळी ती उठवावी लागली. शेवटी १० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्लॅक यांनी अडथळा दूर केला. मग राज्याचे गव्हर्नर रॉस बार्नेट स्वतः दारात आडवे आले. ३० सप्टेंबरच्या रात्री विद्यापीठात दंगल पेटली, दोन माणसं मेली, शेकडो जखमी झाली, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना लष्कर पाठवावं लागलं. १ ऑक्टोबर १९६२ रोजी सकाळी मेरेडिथने नाव नोंदवलं. एका विद्यार्थ्याच्या एका ॲडमिशनला एवढं रामायण! पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तो पदवीधर झाला. नंतर कायदा शिकायला कुठे गेला, तर कोलंबियालाच. १९६८ ला त्याने तिथली पदवी घेतली.

जॉर्जिया, अलाबामा, क्लेमसन अशा इतर विद्यापीठांचे खटलेही त्यांनी लढवले. त्या सगळ्यांची हकीकत इथे देत बसत नाही. दोन प्रसंग मात्र सांगायला हवेत. १९६२ च्या जुलैत जॉर्जियातल्या ऑल्बनी गावी किंग यांच्या मोर्चावर एका न्यायाधीशाने मनाई हुकूम काढला. मॉटलीबाईंनी धाव घेतली आणि चार दिवसांत वरच्या न्यायाधीशाकडून, एल्बर्ट टटल यांच्याकडून, तो रद्द करून आणला. दुसरा प्रसंग बर्मिंगहॅमचा, मे १९६३ चा. तिथे शाळकरी पोरं मोर्च्यात उतरली, पोलिसांनी त्यांच्यावर पाण्याचे फवारे आणि कुत्री सोडली. वर शाळेच्या मंडळाने १,०८१ पोरांना शाळेतून काढून टाकलं. वर्ष संपायला थोडेच दिवस उरलेले. आईबापांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल! २२ मे रोजी खालच्या कोर्टाने मॉटलीबाईंचा अर्ज फेटाळला. त्याच दिवशी त्या पुन्हा टटल यांच्यापुढे गेल्या आणि दिवस मावळायच्या आत सगळी पोरं परत शाळेत घेण्याचा हुकूम झाला. मोर्च्यात गेलं की पोराचं वर्ष बुडतं, ही भीती तिथे खरी झाली असती तर पुन्हा कोण आपलं लेकरू चळवळीत पाठवणार होतं?

सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडणारी पहिली काळी स्त्रीही त्याच. एकूण दहा खटले त्यांनी तिथे चालवले, नऊ जिंकले. दहाव्याची गोष्ट पुढे येईल.

चळवळीतही बाईला सगळं सरळ मिळालं असं समजू नये. १९६१ साली मार्शल न्यायाधीश झाले तेव्हा लीगल डिफेन्स फंडाच्या प्रमुखपदावर मॉटलीबाईंचा हक्क पोचत होता असं पुष्कळांना वाटत होतं, त्यांना स्वतःलाही. मार्शल यांनी जॅक ग्रीनबर्ग या गोऱ्या सहकाऱ्याला नेमलं. मॉटलीबाईंच्या मनाला ते डाचलं. पण हातातला मेरेडिथचा खटला त्यांनी एक दिवसही खाली ठेवला नाही. आपल्या संघटनांमध्ये पद गेलं की माणूस दुसरा गट काढतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

१९६४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटची पोटनिवडणूक आली. सिनेट म्हणजे तिथल्या विधिमंडळाचं वरचं सभागृह. आपल्या विधान परिषदेसारखं, पण सभासद थेट लोकांच्या मतांनी निवडून जातात. मतदारसंघ मॅनहॅटनच्या वरच्या पश्चिम भागातला, त्यात हार्लेमचाही काही भाग. डेमोक्रॅटिक पक्षातर्फे मॉटलीबाई उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. त्या सभागृहात जाणारी पहिली काळी स्त्री. गरीब आणि मध्यम लोकांना परवडतील अशी घरं वाढवा, हा त्यांचा सभागृहातला मुख्य आग्रह होता. नोव्हेंबरात पुन्हा निवडून आल्या. आमदारकी वर्षभराचीच झाली, कारण फेब्रुवारी १९६५ मध्ये मॅनहॅटनच्या बरो अध्यक्षपदाची जागा रिकामी झाली आणि तिथे त्यांची निवड झाली. न्यूयॉर्क शहराचे पाच मोठे विभाग आहेत, त्यांना बरो म्हणतात. प्रत्येकाला लोकनियुक्त अध्यक्ष, आणि त्या काळी शहराचा खर्च मंजूर करणाऱ्या मंडळात त्याला मत. मॅनहॅटनला बाई अध्यक्ष याआधी झालेली नव्हती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन आणि लिबरल अशा तिन्ही पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला. हार्लेम आणि पूर्व हार्लेमच्या सुधारणेचा आराखडा करायला त्यांनी सात लाख डॉलर मंजूर करून घेतले.

आमदार असतानाही वकिली पूर्ण सुटली नव्हती. डिसेंबर १९६४ मध्ये त्यांनी सर्वोच्च न्यायालयात स्वेन खटला चालवला, आणि हाच तो हरलेला दहावा. अलाबामातल्या एका काळ्या तरुणाला फाशीची शिक्षा झाली होती. तिकडे असे खटले ज्यूरीपुढे चालतात, म्हणजे गावातले साधे नागरिक निवडून त्यांच्याकडून निर्णय घेतात. ज्यूरी निवडताना सरकारी वकिलाला कारण न सांगता काही नावं खोडता येत. तो काळ्यांची सगळी नावं खोडून टाकायचा. त्या जिल्ह्यात कित्येक वर्षांत एकही काळा माणूस ज्यूरीत बसला नव्हता. मॉटलीबाईंचं म्हणणं सरळ होतं की हा उघड भेदभाव आहे. न्यायालयाने मार्च १९६५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी ते अमान्य केलं.

जानेवारी १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांचं नाव न्यूयॉर्कच्या दक्षिण विभागाच्या केंद्रीय जिल्हा न्यायालयासाठी सुचवलं. आधी अपील न्यायालयाचा विचार होता, पण विरोध बघून तो मागे पडला. नावाने जिल्हा न्यायालय असलं तरी हे आपल्या जिल्हा कोर्टासारखं नव्हे. केंद्राचं न्यायालय, नेमणूक तहहयात, मोठमोठ्या कंपन्यांचे खटले तिथे चालतात. अशा नेमणुकीला वॉशिंग्टनच्या सिनेटची मंजुरी लागते, आणि तिथल्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते जेम्स ईस्टलंड, मिसिसिपीचे सिनेटर, कापसाच्या मोठ्या मळ्याचे मालक. ज्या राज्यात बाईंनी बावीस खेपा घातल्या, त्याच राज्याच्या माणसाच्या टेबलावर त्यांचा कागद जाऊन पडला. त्याने कम्युनिस्ट असल्याचा आरोप केला आणि सात महिने प्रकरण दाबून धरलं. ३० ऑगस्ट १९६६ रोजी सिनेटने मंजुरी दिली. त्या न्यायालयात त्याआधी कुठल्याच वर्णाची बाई न्यायाधीश नव्हती.

आता लोकांची अपेक्षा अशी की मॉटलीबाई खुर्चीवर बसल्या म्हणजे आपला प्रत्येक माणूस जिंकणार. तसं झालं नाही, आणि काही जण नाराजही झाले. पुराव्यात कमी पडलेला पक्षकार काळा असो की बाई, त्याच्या विरुद्ध निकाल जायचा. त्यांना न्याय म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं, कारण पक्षपाती न्यायाधीशासमोर त्या वीस वर्षं उभ्या राहिल्या होत्या.

तरीही त्यांच्या काही निकालांत जुना अनुभव बोलतो असं मला वाटतं. मार्टिन सोस्त्रे हा काळा पोर्तोरिकन कैदी, तुरुंगात स्वतः कायदा वाचून अर्ज करणारा. अधिकाऱ्यांनी त्याला ३७२ दिवस एकांत कोठडीत ठेवलं. १९७० मध्ये मॉटलीबाईंनी ती शिक्षा बेकायदेशीर ठरवली, १३,०२० डॉलर भरपाई द्यायला लावली, आणि नोटीस व सुनावणीशिवाय कैद्याला अशी शिक्षा करता येणार नाही असं बजावलं. अपिलात या निकालाचा बराच भाग गेला, पण ९,३०० डॉलरची भरपाई कायम राहिली.

१९७५ चं प्रकरण आणखी बोलकं आहे. एका बड्या वकिली कंपनीवर एका वकील महिलेने दावा लावला की स्त्री म्हणून आम्हाला डावलतात. कंपनीने अर्ज दिला की न्यायाधीश स्वतः काळी आणि स्त्री आहेत, भेदभावाविरुद्ध खटले लढवलेल्या आहेत, तेव्हा त्यांनी हा दावा चालवू नये. मॉटलीबाईंनी अर्ज फेटाळला. त्यांचा मुद्दा असा होता की प्रत्येक न्यायाधीशाला कुठली ना कुठली जात-वर्ण असतो आणि तो पुरुष किंवा स्त्री असतोच, मग या कारणाने हटायचं तर कोर्टातल्या एकाही न्यायाधीशाला हा दावा चालवता येणार नाही. कंपनीच्या म्हणण्यात धरून चाललेलं होतं की गोरा पुरुष तेवढा निःपक्ष. ते प्रकरण पुढे तडजोडीने मिटलं, पण त्यांचा हा निर्णय तिकडच्या वकिलांना आजही दाखला म्हणून उपयोगी पडतो.

१९७८ चा निकाल पेपरात जास्त गाजला. बेसबॉलच्या सामन्यानंतर खेळाडूंच्या खोलीत पुरुष वार्ताहरांना मुलाखती घ्यायला सोडत आणि मेलिसा लुड्के या महिला वार्ताहराला बाहेर उभं करीत. मॉटलीबाईंनी सांगितलं की स्टेडियम शहराच्या मालकीचं आहे, तिथे असा भेद चालणार नाही, खेळाडूंना लाज वाटत असेल तर पडदा लावा. पडदा लावण्याइतकी साधी तोड कुणालाच सुचली नव्हती!

१९८२ मध्ये त्या त्या न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या आणि १९८६ पर्यंत होत्या. १९८६ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बॅट्सन खटल्यात निकाल दिला की वर्ण पाहून ज्यूरीतली नावं खोडणं घटनेच्या विरुद्ध आहे. एकवीस वर्षांपूर्वी मॉटलीबाई जे सांगत होत्या तेच. हरलेला दहावा खटला असा दुसऱ्याच माणसाच्या नावावर जिंकला गेला.

त्यानंतर त्यांनी ज्येष्ठ न्यायाधीश म्हणून काम सुरूच ठेवलं. १९९८ साली आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना नागरिक पदक दिलं, २००३ मध्ये एन.ए.ए.सी.पी.ने आपलं सर्वोच्च स्पिनगार्न पदक दिलं. ज्या संस्थेची शाखा आईने न्यू हेवनमध्ये उभी केली होती तीच ही संस्था. २८ सप्टेंबर २००५ रोजी न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय ८४ होतं, आणि न्यायाधीशपद तोपर्यंत त्यांच्याकडेच होतं.

२०२२ च्या फेब्रुवारीत केतांजी ब्राउन जॅक्सन यांचं नाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी जाहीर झालं. तिथे पोचलेली पहिली काळी स्त्री. त्या दिवशी बोलताना त्यांनी मॉटलीबाईंची आठवण काढली. दोघींचा वाढदिवस एकच, १४ सप्टेंबर, मध्ये एकोणपन्नास वर्षांचं अंतर. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या टपाल खात्याने मॉटलीबाईंचं तिकीट काढलं. ते लावलेली पत्रं मिसिसिपीतही घरोघर गेली असतील.